जुनी व्ही-एट मसल कार तापते: आधी सिग्नलला की हायवेला, ते ठरवा

नव्याने बांधलेल्या मसल कारबद्दल (साठ-सत्तरच्या दशकातल्या, मोठ्या आठ सिलिंडरी इंजिनाच्या अमेरिकन गाड्या) माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार एकच: गाडी तापते. मस्टँग असो, कमॅरो असो की जीटीओ. गाडी येते तेव्हा बहुतेक वेळा तिच्यात नवाकोरा ॲल्युमिनियमचा रेडिएटर आधीच बसलेला असतो. पैसे गेलेले असतात आणि दुखणं जिथल्या तिथे असतं.

१९६४ च्या मॉडेलसाठी पॉन्टिॲकने आपल्या टेम्पेस्ट गाडीवर ३८९ घन इंचांचं इंजिन चढवून जीटीओ काढली, तेव्हा पंखा, पुली, पंप, रेडिएटर हे सगळं एकमेकांना जुळवून दिलेलं होतं. आज आपण बांधतो त्या गाडीत ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) एका सालचा, हेड (त्यावरची झाकणं) दुसऱ्या सालची, पंप तिसऱ्याच दुकानातला असतो. सुटा पाहिला तर प्रत्येक भाग चांगला असतो, पण शेजारच्या भागाशी त्याचं जमत नाही. म्हणून नवा भाग मागवण्याआधी कोणता भाग कोणाशी जुळत नाही ते शोधायचं. खाली दिलेला क्रम फुकटच्या तपासण्यांपासून सुरू होतो आणि हेड उतरवण्यापर्यंत जातो. तो मोडू नका.

लक्षणं

तापमानाचा काटा नेमका कधी चढतो हे काही दिवस वहीत लिहा. अर्धं निदान तिथेच होतं.

- सिग्नलला किंवा मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या रांगेत चढतो, वेग घेतला की उतरतो. रेडिएटरमधून हवा पुरेशी जात नाही. पंखा, श्राउड (पंख्याभोवतीचं आवरण) आणि टायमिंग (ठिणगी नेमकी कधी पडते ते) पाहा.
- गावात ठीक, पण हायवेला साठ-पासष्ट मैलांच्या वेगाने थोडा वेळ गेला की चढतो आणि उतरत नाही. हवा भरपूर आहे, पण पाणी नीट फिरत नाही किंवा रेडिएटर उष्णता सोडत नाही.
- थंड इंजिन सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांत लाल पट्ट्यात. थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडणारी झडप), आत अडकलेली हवा किंवा हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधलं सील).
- दोन्हीकडे तापते. टायमिंग, हवा-पेट्रोलचं मिश्रण किंवा ब्लॉकच्या आतली गडबड.
- गाडी बंद केल्यावर काटा थोडा चढतो. हे दुखणं नाही. पंप थांबतो आणि लोखंडातली उष्णता उभ्या पाण्यात उतरते, एवढंच.

डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर दर ऑगस्टमध्ये ड्रीम क्रूझ होते. तिथे बॉनेट उघडून कडेला उभ्या राहिलेल्या गाड्या बहुतेक पहिल्या प्रकारच्या असतात. ही मिरवणूक बघायला जात असाल तर रस्त्याकडेच्या त्या गाड्यांचे पंखे आणि श्राउड जरूर न्याहाळा, शिकायला खूप मिळतं.

आता, किती तापलं म्हणजे तापलं? १८० अंश फॅरनहाइटचा थर्मोस्टॅट असेल तर १८० ते २१० हे रोजचं आहे. उन्हाळ्यातल्या रांगेत २२० पर्यंत गेलं तरी घाबरू नका. २३० ला कडेला घ्या. २४० ला, म्हणजे साधारण ११६ सेल्सियसला, इंजिन बंद करा आणि घर दोन मैलांवर असलं तरी टो ट्रक बोलवा. त्या दोन मैलांत हेड वाकलं तर पुढचा खर्च टोच्या कितीतरी पट होतो.

थर्मोस्टॅट इंजिनाचं किमान तापमान ठरवतो, कमाल नाही. १६० चा घातला तर तापायला काही मिनिटं उशीर होईल, तापायचं थांबणार नाही.

नुसत्या बघायच्या गोष्टी

पहिला संशय गेजवर घ्या. इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, स्वस्त मिळतो. इंजिन गरम झाल्यावर थर्मोस्टॅटच्या घराशेजारी लोखंडावर धरा. गेज २३० दाखवतो आणि थर्मामीटर १९५, तर गाडी तापतच नाहीये. सेंडर (तापमान गेजला कळवणारा भाग) दुसऱ्या गेजसाठीचा असेल, किंवा त्याच्या आट्यांवर टेप इतकी गुंडाळली असेल की अर्थिंगच मिळत नाही. साठच्या दशकातल्या मस्टँगमध्ये आणखी एक खोडी आहे. पेट्रोलचा आणि तापमानाचा काटा एकाच छोट्या व्होल्टेज रेग्युलेटरवर चालतात. तो १२ व्होल्ट तोडत-जोडत सरासरी ५ च्या आसपास देतो. तो चिकटला की दोन्ही काटे एकदम वर जातात. टाकी अर्धी असताना पेट्रोलचा काटाही ‘फुल’ दाखवत असेल तर रेडिएटरला हात लावू नका, डॅशबोर्डच्या मागे जा.

फोर्डच्या २८९ किंवा ३०२ (घन इंचांच्या इंजिन) वाल्यांनी लगेच टॉर्च घेऊन हेड गॅस्केट बघावं. या इंजिनात पाणी ब्लॉकमधून आधी मागे जातं, मागच्या भोकांतून हेडमध्ये चढतं आणि हेडमधून पुढे येतं. गॅस्केट दोन्ही बाजूंना एकच लागतं, फक्त एका बाजूला ते पलटवायचं असतं, आणि त्यावर ‘फ्रंट’ असं उठवलेलं असतं. बांधणारा दोन्ही गॅस्केट एकच तोंड वर ठेवून लावतो, मग एका बाजूचं ‘फ्रंट’ मागे जातं. तिथे पाणी पुढूनच हेडमध्ये शिरतं आणि मागच्या सिलिंडरांभोवती तुंबतं. इंजिन सुरू होतं, सुरेख वाजतं आणि प्रत्येक फेरीला तापतं. सुदैवाने हे काही न उघडता कळतं. गॅस्केटचा एक खालचा कोपरा काटकोनी असतो आणि तो हेड-ब्लॉकच्या सांध्यातून डोकावतो. डाव्या आणि उजव्या, दोन्ही बाजूंना तो पुढच्या टोकाला दिसला पाहिजे. एका बाजूला मागे दिसला तर पुढचं वाचायची गरज नाही, हेड उतरवावं लागेल.

पाणी, कॅप आणि अडकलेली हवा

गरम रेडिएटरची कॅप उघडू नका. फडकं धरून नाही, हळूच नाही, कशीच नाही. वरचा होज हाताला कोमट लागेपर्यंत थांबा.

कॅपचं काम प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखं आहे. दाब एक पीएसआयने (दाबाचं एकक) वाढला की उकळबिंदू साधारण ३ अंश फॅरनहाइटने वर जातो. अर्धं पाणी, अर्धं कूलंट आणि १५ पीएसआयची धड कॅप असेल तर २६० च्या पुढेपर्यंत उकळी फुटत नाही. कॅपचं रबर कडक झालं असेल, किंवा नव्या रेडिएटरच्या गळ्याची खोली आणि कॅप जुळत नसेल, तर दाब धरलाच जात नाही आणि इंजिन ठीक असूनही पाणी बाहेर पडतं. पार्ट्सच्या दुकानातून प्रेशर टेस्टर भाड्याने मिळतो. कॅप आणि पूर्ण सिस्टिम दोन्ही तपासा. २० पीएसआयची कॅप मात्र लावू नका, जुना हीटर कोअर (गाडीच्या आतल्या हीटरचा छोटा रेडिएटर) आणि डाग दिलेला पितळी रेडिएटर तो दाब सहन करत नाहीत.

इंजिनात नुकतंच पाणी भरलं असेल तर हवा अडकलेली असणार असंच धरून चाला. गाडीचं नाक वर करा, हीटर पूर्ण चालू ठेवा, कॅप काढलेली असतानाच थंड इंजिन सुरू करा आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत भरत राहा. थर्मोस्टॅटच्या कडेला १/८ इंचाचं भोक पाडलं की हवा आपोआप वाट काढते, मी प्रत्येक इंजिनात पाडतो. थर्मोस्टॅटची स्प्रिंग इंजिनाच्या बाजूला हवी, तेही एकदा बघा.

हायवेला तापणाऱ्या गाडीत खालचा होज तपासा. मित्राला ॲक्सिलरेटर देऊन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर इंजिन धरायला सांगा आणि होजकडे बघा. पंप त्या होजमधून पाणी ओढतो. होज मऊ असेल किंवा रेडिएटर आतून तुंबला असेल तर होज चपटा होतो. चपटा झाला की पाणी बंद. हे करताना सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी काहीही नको, आणि पंख्याच्या पातळीत उभं राहू नका.

कूलंट गोडसर लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात, आणि ते जीवघेणं विष आहे. सांडलं तर लगेच पुसा. जुनं डब्यात भरून पार्ट्सच्या दुकानात किंवा नगरपालिकेच्या संकलन केंद्रात द्या.

पंखा आणि श्राउड

सिग्नलला तापणाऱ्या गाडीत इथेच सर्वाधिक वेळ द्या.

पंख्याभोवतीचं श्राउड नसेल तर पंखा समोरची हवा ओढण्याऐवजी बॉनेटखालचीच गरम हवा गोल गोल फिरवतो. रेडिएटर बदलताना श्राउड जमलं नाही म्हणून काढून ठेवलेलं असतं, आणि ते गॅरेजच्या माळ्यावरच राहतं. श्राउड हवंच. पंख्याची पाती निम्मी आत, निम्मी बाहेर असावीत, आणि टोकापासून कडेपर्यंत साधारण इंचभर जागा असावी. पाती पूर्ण आत गेली तरी हवा कोंडते, पूर्ण बाहेर असली तर श्राउडचा उपयोग नाही.

जुळवाजुळवीची सगळ्यात सुंदर गंमत शेव्हीच्या (शेव्हरलेच्या) स्मॉल ब्लॉक इंजिनामध्ये बघायला मिळते. १९६७ आणि १९६८ च्या कमॅरोत आखूड वॉटर पंप होता, १९६९ ला लांब पंप आला. आखूड साधारण ५ ५/८ इंच, लांब ६ १५/१६ इंच. म्हणजे १९६८ च्या कमॅरोत सत्तरच्या दशकातलं ३५० त्याच्या पंपासकट बसवलं की पंखा सव्वा इंच पुढे येतो. श्राउडमधली जागा चुकते, पुलीची रांग चुकते, मग कोणी पंख्याचा स्पेसर (पंखा पुढे आणणारा मधला तुकडा) काढतो, कोणी लहान पंखा लावतो. उपाय साधा आहे. पंप, क्रँकची पुली आणि ब्रॅकेट सगळं एकाच प्रकारचं घ्या, सगळं आखूड किंवा सगळं लांब. मग पंख्याची जागा मोजून स्पेसर ठरवा.

फॅन क्लच (गरम झाल्यावर पंखा घट्ट पकडणारा भाग) असेल तर इंजिन चांगलं गरम करून बंद करा आणि पंखा हाताने फिरवा. त्याने हाताला विरोध केला पाहिजे. झटका दिल्यावर मोकळा गरगरत राहिला तर क्लच गेला. मध्याभोवती तेलकट चिकट धूळ दिसली तरी गेलाच समजा, आतलं सिलिकॉन तेल बाहेर आलंय.

इलेक्ट्रिक पंखा लावला असेल तर आधी तो हवा इंजिनाकडे ढकलतोय ना ते पाहा. तारा उलट्या जोडल्या तर तो उलट फिरतो, आणि हायवेला येणाऱ्या हवेशी झगडतो. मग चालू पंख्याच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १३.८ आणि पंख्यावर ११.५ असेल तर तार बारीक आहे किंवा रिले (पंख्याला बॅटरीतून थेट वीज देणारा स्विच) नाही. पहिल्या पिढीच्या कमॅरोत साधा अल्टरनेटर ३७ अँपिअरचा येत असे. मोठा पंखा एकटाच २५-३० खातो. सिग्नलला, हेडलाइट चालू असताना, पंखा मंदावतो तो याच कारणाने.

शेवटी कागद लावून पाहा. इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न देता, गाडी उभी) ठेवून एक साधा कागद रेडिएटरच्या पुढच्या तोंडाला लावा. तो चिकटून राहिला पाहिजे. राहत नसेल तर रेडिएटर आणि त्याच्या चौकटीमधल्या फटी फोमने बुजवा. हवा नेहमी सोप्या वाटेने जाते, रेडिएटरच्या बारीक फिनांमधून नाही.

टायमिंग

इथे खर्च फक्त टायमिंग लाइटचा आहे, आणि गुण मात्र चटकन येतो. स्पार्क उशिरा पडला की मिश्रण जळत असतानाच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो. पिस्टन ढकलायला हवी होती ती आग हेडमधल्या एक्झॉस्ट पोर्टमधून जाते, आणि त्या पोर्टभोवती पाणी आहे. सगळी उष्णता थेट पाण्यात.

अनेकजण व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (इंजिनाच्या ओढीवर ठिणगी आधी पाडणारी यंत्रणा) नळी काढून तोंड बुजवतात, कारण कोणीतरी सांगितलेलं असतं की ती रेसिंगला नको. रस्त्यावरच्या गाडीला ती हवी. आयडलला मिश्रण पातळ असतं, हळू जळतं, त्याला ठिणगी आधी लागते. ही नळी थेट इनटेक मॅनिफोल्डच्या (मिश्रण इंजिनात नेणारा भाग) व्हॅक्यूमला जोडून पाहा, आयडल पुन्हा जमवा आणि सिग्नलला काटा किती खाली येतो ते बघा. प्रदूषण कमी करण्यासाठी कंपन्यांनी आयडलला हा ॲडव्हान्स बंद केला, तेव्हा त्यांनी पाण्यात तापमानावर चालणारा एक स्विचही घातला. इंजिन तापलं की तो डिस्ट्रिब्यूटरला (ठिणगी सिलिंडरांना वाटणारा भाग) मॅनिफोल्डचा पूर्ण व्हॅक्यूम द्यायचा. म्हणजे हा उपाय कारखान्याचाच आहे.

शेव्ही ३५० साठी, सौम्य कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) असेल तर, सुरुवातीचं टायमिंग १० ते १४ अंश आणि व्हॅक्यूम न धरता एकूण ३४ ते ३६ अंश हे माझं नेहमीचं गणित. पण खुणेवर आंधळा विश्वास नको. डॅम्परची (क्रँकच्या पुढच्या टोकावरची चकती, टायमिंगची खूण हिच्यावर असते) बाहेरची कडी रबरावर बसलेली असते, पन्नास वर्षांत ती सरकते आणि खूण खोटी होते. पिस्टन स्टॉप (पिस्टन अडवणारा बोल्ट) लावून खरं टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) शोधा, मग लाइट धरा.

कार्ब्युरेटर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) असेल तरी उष्णता वाढते. इथे अमेरिकेत पंपांवरच्या बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि त्याने जुने जेट (पेट्रोल सोडणारी भोकं) थोडे लीनच पडतात. इनटेकची व्हॅक्यूम गळती आधी शोधा, जेट नंतर.

पंप आणि पुली

बेल्ट पंपाच्या पुलीवरून कसा जातो ते पाहा. सर्पेंटाइन बेल्टची (सगळ्या पुलींवरून वळणारा एकच लांब पट्टा) पाठ पुलीवर असेल तर पंप उलटा फिरतो, आणि त्याला उलट्या फिरण्याचाच पंप लागतो. १९८६ ते १९९३ च्या मस्टँगचं ५.० लिटर इंजिन जुन्या मस्टँगमध्ये घालताना हमखास इथे फसगत होते, कारण दोन्ही पंप बाहेरून जवळजवळ सारखे दिसतात. व्ही-बेल्ट लावला तर सरळ फिरणारा पंप, सर्पेंटाइन ठेवला तर उलट फिरणारा. रेसिंगच्या अंडरड्राइव्ह पुली रस्त्याच्या गाडीला नकोत, आयडलला पंप आणि पंखा दोन्ही मंद पडतात.

पॉन्टिॲकवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. तुमच्या पंपाच्या मागे पत्र्याची विभाजक प्लेट असते. पंपाचा इम्पेलर (आतलं फिरतं चक्र) आणि ती प्लेट यांत जेमतेम मिलिमीटरभर फट हवी. नवा पंप लावताना ही फट कोणी मोजत नाही, ती मोठी राहते आणि पाणी पुढे जायच्या ऐवजी तिथेच घुसळतं. प्लेटवर मुलांची खेळायची माती लावून पंप बसवून पाहा, मग काढून मातीची जाडी मोजा. प्लेट हलक्या हाताने ठोकून जवळ आणता येते, पण इम्पेलर घासता कामा नये.

रेडिएटर

इतकं सगळं बरोबर निघालं तरच रेडिएटरकडे वळा. गरम रेडिएटरवर इन्फ्रारेड थर्मामीटर ओळीने फिरवा. मध्येच एखादा पट्टा बराच गार लागला तर तिथल्या नळ्या तुंबल्यात. पितळी रेडिएटर टाक्या उघडून आतून साफ करता येतो, पण ते डाग देण्याचं काम आहे, रेडिएटर शॉपलाच द्या. ॲल्युमिनियम असेल तर मल्टीमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी कूलंटमध्ये, धातूला न टेकवता, बुडवा. ०.१ व्होल्टहून जास्त आलं तर कुठेतरी अर्थिंग कमजोर आहे आणि वीज पाण्यातून वाट काढतेय. तसं असताना नवा रेडिएटरही लवकरच गळेल.

इथे थांबा

पार्ट्सच्या दुकानातून ब्लॉक टेस्टर आणा. रेडिएटरच्या तोंडाशी धरल्यावर त्यातलं निळं द्रव पिवळं पडलं तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतोय. हेड गॅस्केट गेलंय किंवा लोखंडाला तडा आहे. डिपस्टिकवर दुधाळ तेल, सायलेन्सरमधून न थांबणारा गोडसर वासाचा पांढरा धूर, किंवा थंड इंजिनात कॅप काढल्याबरोबर सतत बुडबुडे, यांतलं काहीही दिसलं तरी गाडी चालवू नका. गळती थांबवणाऱ्या पुड्या, द्रव काही ओतू नका, बारीक वाटा बुजतात आणि पुढचं काम अवघड होतं. इथून पुढे मशीन शॉप (इंजिनाचं यंत्रकाम करणारं दुकान).

ब्लॉकचे बाजूचे ड्रेन प्लग काढल्यावर पाणी आलंच नाही, आत तार घालून गाळ खरवडावा लागला, तरी तेच. जुन्या ब्लॉकमध्ये गंज आणि ओतकामाची वाळू मागच्या सिलिंडरांभोवती तळाशी साठते, आणि नळाच्या पाण्याने ती निघत नाही.

दोन गोष्टी मशीन शॉपला आपणहून विचारा, कारण त्या बाहेरून दिसत नाहीत. १९७० ते १९८० मधला शेव्हीचा ४०० स्मॉल ब्लॉक असेल तर त्याचे सिलिंडर एकमेकांना चिकटलेले आहेत. त्यांच्यामध्ये साठणारी वाफ निघून जावी म्हणून ब्लॉकला बारीक भोकं असतात. त्यावर ३५० ची हेड बसवली आणि हेडना तशी भोकं पाडली नाहीत, तर वाफ तिथेच कोंडते. दुसरं, बोअर, म्हणजे झिजलेला सिलिंडर कापून रुंद करणं. फोर्डच्या २८९ आणि ३०२ चा ब्लॉक मुळातच पातळ भिंतींचा आहे. ०.०३० इंचांचा बोअर सहसा चालतो. ०.०६० ला जायचं असेल, किंवा आधीच्या मालकाने किती बोअर केलाय ते माहीत नसेल, तर भिंत अल्ट्रासोनिक यंत्राने मोजून घ्या.

ब्लॉक देताना फ्रीझ प्लग (ब्लॉकच्या बाजूची पत्र्याची बुचं) काढून आतून धुवायला सांगा, आणि ब्लॉक व हेड दोन्हींचे कास्टिंग नंबर, वापरलेल्या गॅस्केटचा पार्ट नंबर आणि काटा कधी चढतो ती वहीतली नोंद एका कागदावर लिहून त्याच्याबरोबर द्या.